वायर धरणारी

"धर. सोडू नको. बघू किती वेळ धरते ते."

पंकज हे बोलला अन् त्यानं पॉवर सप्लायचा नॉब सहावरून सरळ बारावर नेला. माझ्या दोन अंगठ्यांखाली तार होती. नायक्रोमची, बारीक, एक मीटर लांब. तिची दोन टोकं मी टर्मिनलवर दाबून बसली होती. आधी कोमट लागलं. मग गरम. मग अंगठ्याची कातडी तारेला चिकटल्यासारखी झाली. मी दात आवळले. सोडली नाई.

सर तिथीच उभे होते. त्यायनी पंकजले काही म्हटलं नाई. खडू घेतला, फळ्याकडे गेले अन् वर्गाले विचारलं, "व्होल्टेज दुप्पट केलं तर पॉवर किती पट होते?"

कोणाले येत नव्हतं. पोट्टे एकमेकांकडे पाहून राह्यले होते.

"हिला विचारा," सर माझ्याकडे खडू रोखून म्हणाले. "हिला बरोबर समजलं असेल."

वर्ग हसला. असा हसला की खिडकीवरचं कबूतर उडालं. सर पण हसले, दोन बोटांनी मिशी सावरत. मग त्यायनी फळ्यावर लिहिलं: सहा व्होल्ट, दोन अँपिअर, बारा वॅट. त्याखाली लिहिलं: बारा व्होल्ट, चार अँपिअर, अठ्ठेचाळीस वॅट. "चौपट," म्हणाले. "लक्षात राहील ना आता?"

राह्यलं ना सर. चांगलंच लक्षात राह्यलं. तुमच्या बाकी वर्गाले राह्यलं का, ते त्यायले विचारा.

मी इलेक्ट्रिशियन ट्रेडले होती. मूल गावाजवळच्या एका खाजगी आयटीआयमध्ये. संस्था जुन्या मालगुजाराच्या घराण्याची. राइस मिल त्यायचीच, पेट्रोल पंप त्यायचाच, आयटीआय पण त्यायचीच. सर संस्थेच्या अध्यक्षाचे साळे. पंकज अध्यक्षाचा पुतण्या. म्हणजे वर्ग काय, सोयऱ्यांची पंगतच होती. अन् पंगतीत आमच्यासारखे कुठी बसतात, ते काही मले कोणी सांगायची गरज नव्हती.

मी बौद्ध. गाव धानपट्ट्यातलं. माय अध्यक्षाच्याच राइस मिलमध्ये धान वाळवायले, झाडायले जायची. रोवणीच्या दिवसांत रोवणीवर, धान लावायले. बाप मी लहान असतानाच गेला. घरात शिकलेली मीच. दहावी झाल्यावर मायले कोणीतरी सांगितलं, आयटीआय कर म्हणा पोरीले, कोरपन्याकडे सिमेंटच्या फॅक्टऱ्या आहेत, अप्रेंटिस म्हणून घेतात. मायनं ते वाक्य असं धरलं की दुसरं काही ऐकायले तयारच नाई. सर्टिफिकेट पाहिजे. सर्टिफिकेट आलं की पोरगी फॅक्टरीत. मग रोवणीच्या चिखलात कंबर मोडायची नाई. आमच्या घराचा सारा हिशेब त्या एका कागदावर उभा होता.

आता ते वायर धरण्याचं सांगते.

आमच्या लॅबमध्ये दोन टेबलं होती. प्रत्येक टेबलावर एक सप्लाय, एक व्होल्टमीटर, एक अँमीटर अन् लाकडी पट्टीवर ताणलेली ती तार. पट्टीवरच्या टर्मिनलचे आटे घासून गेलेले. स्क्रू फिरायचा, पण आवळत नव्हता. वायर लावली की निसटायची. पहिल्याच प्रॅक्टिकलले सरांनी सांगितलं, "क्लिपा नाहीत. ग्रँट आली की घेऊ. तोपर्यंत प्रत्येक टेबलावर एकानं वायर दाबून धरायची." अन् मग वर्गावर नजर फिरवून म्हणाले, "ज्यांना हातानं काम करायची सवय आहे, त्यांनी पुढे यावं."

कोणी पुढे गेलं नाई. मग सरांनीच बोट दाखवलं. एका टेबलावर मी. दुसऱ्या टेबलावर सोमारी.

सोमारी गोंड. एटापल्लीच्याही पलीकडच्या एका गावातली, मुलींच्या वसतिगृहात राहायची. बोलायची कमी. हसायची त्याहून कमी. मराठी तिले येत होती, पण तोंडातून शब्द निघायच्या आधी ती तो तपासून घ्यायची, कारण तिच्या बोलण्यावर पोट्टे हसायचे.

आता पाहा. सारा वर्ग पोट्ट्यांनी भरलेला. त्यात काही आमच्याएवढेच गरीब होते. पण धरणाऱ्या कोण? एक बौद्धाची, एक गोंडाची. चिठ्ठ्या टाकल्या होत्या का? कोणी जात काढली नाई, बापा. काढायची गरजच काय? सर तर मोठे सुधारक. जयंतीच्या दिवशी फोटोले हार घालून भाषण ठोकायचे, "मी जात मानत नाही." अन् खरंच नसतील मानत. बोट मात्र बरोबर जागी जायचं.

बाकी टेबलाची वाटणी अशी: एक जण व्होल्टमीटर वाचणार, एक अँमीटर वाचणार, एक लिहिणार, एक गणित करणार. अन् एक धरणार. पुढच्या प्रॅक्टिकलले वाचणारा लिहायचा, लिहिणारा वाचायचा. धरणारी बदलायची नाई.

धरायले बसलं की मीटरची तोंडं समोरच्या पोट्ट्यांकडे. माझ्याकडे मीटरची पाठ. काळी पाठ, दोन स्क्रू, कंपनीचं खरडलेलं लेबल. वर्षभर मी ती पाठ पाहिली. सुई कुठी आहे हे मले फक्त ऐकू यायचं.

"एक पॉइंट आठ दिसून राह्यलं बे."

"दोन लिही. सरांच्या फळ्यावर दोन आहे."

अशी त्यायची विद्या. समोर सुई एक सांगून राह्यली, हे दुसरं लिहून राह्यले. अन् जरा कुठी माझा अंगठा हलला, सुई थरथरली, तं टेबलभर बोंब. "ए, नीट धर ना! रीडिंग हललं!" अरे, जे रीडिंग तुम्ही लिहितच नाई, ते हललं काय अन् पडलं काय?

घरी मी पुस्तक काढून बसायची. मले वाटायचं, काहीतरी लय मोठं असेल, म्हणून आमच्यापासून लपवून राह्यले. वाचलं. व्होल्टले अँपिअरनं भागा, ओहम येतात. तो रेझिस्टन्स. व्होल्टले अँपिअरनं गुणा, वॅट येतात. ती पॉवर. झालं. संपलं. एक भागाकार अन् एक गुणाकार. सहाले दोननं भागलं तर तीन ओहम, सहाले दोननं गुणलं तर बारा वॅट. चौथीच्या पोराले जमेल असं गणित, अन् त्याचा केवढा तोरा! या दोन ओळींवर सर वर्षानुवर्षं पगार खाऊन राह्यले होते, वरून मिशीले पीळ.

एक गोष्ट मात्र पुस्तकानं नाई, अंगठ्यानं शिकवली. वायर ढिल्ली धरली की चटका जास्त. जोरात दाबली की कमी. आधी वाटलं, मले भास होऊन राह्यला. मग पुस्तकात सापडलं. सांधा ढिल्ला असला की तिथीच रेझिस्टन्स वाढते, अन् जिथी रेझिस्टन्स तिथी उष्णता. म्हणजे भाजायचं नसेल तर अजून जोर लावून धरा. वारे वा! आमच्याच बोटांनी आमचा बंदोबस्त.

तर ज्या दिवशी पंकजनं बारावर नेलं, त्या दिवशी दोन्ही अंगठ्यांवर फोड आले. सुट्टीत नळाखाली हात धरून मी उभी होती. सोमारी आली. तिनं माझा हात ओढून घेतला, पाहिला अन् वसतिगृहात जाऊन टोरीचं तेल घेऊन आली. मोहाच्या बियांचं तेल ते. तिच्या मायनं बाटलीत भरून दिलेलं. माझ्या अंगठ्यांवर लावून झाल्यावर तिनं आपलेही अंगठे मले दाखवले. तिचे फोड जुने होते. वाळून घट्टे पडलेले.

"तू काऊन नाई सांगितलं?" मी विचारलं.

"कोनाले सांगू?" ती म्हणाली.

बरोबर होतं तिचं. कोणाले सांगायचं? अध्यक्षाले? की त्याच्या साळ्याले?

परीक्षा जवळ आली. प्रॅक्टिकलले बाहेरचे परीक्षक येणार. स्वतः सर्किट जोडा, रीडिंग घ्या, रेझिस्टन्स काढा, पॉवर काढा, वर तोंडी प्रश्न. अन् मी मीटरची सुई धड पाहिली पण नव्हती. नापास झाली तर सर्टिफिकेट नाई. सर्टिफिकेट नाई तर फॅक्टरी नाई. मी हिंमत करून सरांकडे गेली. ते खुर्चीत बसून मोबाइलवर भजन ऐकून राह्यले होते.

"सर, एकदा मले रीडिंग घेऊ द्या. सोमारीले पण. फक्त एकदा."

सरांनी भजन बंद केलं नाई. जरा आवाज कमी केला.

"तू रीडिंग घेतलं तर धरणार कोण?"

"पंकज धरेल ना, सर. आम्ही वर्षभर धरली."

सरांनी माझ्याकडे असं पाह्यलं जसं मी त्यायच्या ताटातला भात उचलून खाल्ला. मग हसून म्हणाले, "तुझे मार्क माझ्या हातात आहेत ना? मी टाकतो. काळजी करू नको. तू फक्त धर."

अन् मी मान हलवून परत आली. मनातल्या मनात त्यायची बाजू पण घेतली, आता सांगायले लाज वाटते. म्हटलं, जाऊ दे, संस्था लहान आहे, सामान नाई, सर तरी काय करतील? क्लिपा नसतील तर कोणाले तरी धरावंच लागेल. धरेन मी. मार्क तर टाकून राह्यले. असा विचार करायची सवय आपल्याले लावलेली असते. गळ्यात दोरी बांधणाऱ्याची आपणच काळजी करतो, त्याचा हात तर दुखून नाई राह्यला.

परीक्षेच्या दिवशी मी सकाळची बस पकडायले निघाली. आमच्या गावाहून फाट्यापर्यंत जंगलाची कड लागते. वाघाच्या भीतीनं साऱ्या बाया जमून, मोठ्यानं बोलत जातात. त्यात माय पण होती, मिलमध्ये जायले. फाट्यावर ती म्हणाली, "बराबर कर ओ बाई. घाबरू नको." मी परीक्षेचं ओळखपत्र गळ्यात घातलं होतं. त्यावर माझा फोटो, माझा नंबर. मायनं ते हातात धरून पाह्यलं. वाचता येत नाई तिले, पण फोटो पाहून खूश झाली.

परीक्षक नागपूरचे. चांगले भरलेले. आल्या आल्या पहिला प्रश्न सरांले, "जेवणाचं काय?" सरांनी सांगितलं, गावरान कोंबडी आहे, खास. मग परीक्षकांचा चेहरा खुलला. परीक्षा घ्यायले आले होते की लग्नाले, देव जाणे.

सरांनी सोमारीले अन् मले आधीच सांगून ठेवलं होतं, "तुम्ही दोघी टेबलावर बसा. सगळ्या बॅचेस होऊ द्या. तुमचं शेवटी बघू."

पहिली बॅच आली. माझ्या टेबलावर पंकज. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर टिळा. मी वायर दाबली. त्यानं सप्लाय चालू केला, काहीतरी पुटपुटला, सहा अन् दोन लिहिलं. परीक्षक फिरत फिरत आले. म्हणाले, "बारा व्होल्टवर दाखव."

पंकजनं नॉब फिरवला. तार तापली. मी जोर लावला. परीक्षक मीटरवर वाकले अन् वाकता वाकता त्यायची नजर माझ्यावर पडली. माझ्या गळ्यातल्या नंबरवर पण पडली असेल, तो काही लपलेला नव्हता.

"ही कोण?" त्यायनी पंकजले विचारलं. मले नाई, पंकजले.

"ही?" पंकज म्हणाला. "ही वायर धरणारी."

"अच्छा," परीक्षक म्हणाले अन् पुढे मीटर पाहू लागले.

बस एवढंच. कोणी शिवी दिली नाई, कोणी ढकललं नाई. पण माझ्या डोक्यात काहीतरी फाटलं. गळ्यात नंबर आहे, फोटो आहे, मी पण याच परीक्षेची परीक्षार्थी आहे, अन् हा पोट्टा मले टेबलाच्या सामानात मोजून राह्यला. अन् तो मोठा माणूस 'अच्छा' म्हणतो. जसं विचारलं, हे काय, अन् सांगितलं, हा स्टूल आहे. अच्छा.

मी दोन्ही अंगठे उचलले.

सुई मले दिसत नव्हती. पंकजचं तोंड दिसत होतं. त्यावरून समजलं की सुई पडली.

"ए, धर ना!" पंकज ओरडला.

"नाई धरत."

"काय?"

"नाई धरत म्हटलं."

सर धावत आले. आधी परीक्षकांकडे पाहून हसले, मग माझ्याकडे वाकून दातओठ खात म्हणाले, "काय नाटक आहे? धर."

"सर, आज माझी पण परीक्षा आहे. मी रीडिंग घ्यायले आली. धरायले नाई आली."

खोटं कशाले बोलू? हात मी मांड्यांखाली दाबून ठेवले, कारण मले माझ्याच हातांचा भरवसा नव्हता. सवयीनं पुन्हा वायरीकडे गेले असते.

सरांनी माझा नाद सोडला. दुसऱ्या टेबलाकडे वळले. "सोमारी, इकडे ये. तिकडचं राहू दे. इथं धर."

सोमारीनं त्यायच्याकडे पाह्यलं. माझ्याकडे पाह्यलं. मग तिनं आपल्या टेबलावरचे अंगठे उचलले अन् दोन्ही हात पाठीमागे नेले.

"हिल्ले," ती म्हणाली.

गोंडीत 'नाई'. वर्षभर एकेक मराठी शब्द तपासून बोलणारी ती पोरगी, त्या दिवशी आपल्या भाषेत बोलली. अन् कोणाले भाषांतर करून सांगावं लागलं नाई.

दोन्ही टेबलं बंद. पोट्टे वायरी घेऊन एकमेकांची तोंडं पाहून राह्यले. एकानं धरायचा प्रयत्न केला, चटका लागला, "आईगं" करून सोडली. मी हसली. हो, हसली. वर्षभर हसायचा ठेका काय त्यायनीच घेतला होता?

परीक्षकांनी घड्याळ पाह्यलं. कोंबडी वाट पाहून राह्यली होती. वैतागून म्हणाले, "अहो, साध्या क्लिपा नाहीत का तुमच्याकडे?"

"आहेत ना, सर. आहेत," सर म्हणाले.

अन् पट्ट्याले लटकवलेल्या किल्ल्या काढून त्यायनी भिंतीतलं कपाट उघडलं. वरच्याच कप्प्यात हात घातला. क्लिपांचं पाकीट काढलं. लाल अन् काळ्या, दातेरी तोंडाच्या, नव्याकोऱ्या. पाकिटाले पिन मारलेली, ती पण उघडलेली नव्हती. सरांनी दातांनी पिन उपटली, दोन क्लिपा इथी लावल्या, दोन तिथी. सप्लाय चालू. दोन्ही टेबलं चालू. पंकज हसून म्हणाला, "आलं, सर." आलं! मी घोटभर पाणी प्यायली असती, तेवढ्या वेळात काम झालं.

मी त्या क्लिपांकडे पाहत राह्यली. मले रडायले येईल असं वाटलं होतं. नाई आलं. असा संताप आला की तोंड कडू झालं. ग्रँट यायची होती म्हणे. सामान नव्हतं म्हणे. सामान होतं! कपाटात, कुलपात, सरांच्या हातभर अंतरावर. क्लिपा जपून ठेवल्या होत्या. वापरल्या तर खराब होतात ना! आमचे अंगठे खराब झाले तर कोणाचं काय जातं? ते आपोआप वर्गात चालत येतात, फी भरून येतात.

अन् मी त्या माणसाची कीव केली होती. बिचारे सर, सामान नाई त्यायच्याकडे. थू!

बॅचेस संपल्या. मी अन् सोमारी दाराशी उभ्या होतो. "सर, आमची पाळी," मी म्हटलं. सरांनी लॅबले कुलूप लावलं. परीक्षकांच्या पाठीवर हात ठेवून त्यायले जेवायले घेऊन गेले. जाता जाता म्हणाले, "तुम्ही स्वतःच परीक्षा सोडली ना?"

निकाल लागला. प्रॅक्टिकलसमोर दोघींच्याही नावापुढे: गैरहजर.

सर्वांच्या आधी येऊन सर्वांच्या नंतर गेलो, भाजलेले अंगठे घेऊन गेलो, अन् गैरहजर! खोटं बोलायचं तर निदान नापास तरी लिहा, लेकहो. नापास व्हायले पण माणूस हजर लागतो.

मग सरांचा निरोप आला. मायले घेऊन ये.

बसमध्ये माय सारखी हात जोडल्यासारखं बोलून राह्यली होती. "माग न माफी. तोंडानंच तं म्हनाचं हाय. आपली मिल त्यायची, तुहा कागद त्यायच्यापाशी. कायले अडून बसतं?" मले मायचा लय राग आला. सरांपेक्षा जास्त आला त्या घडीले. मी खिडकीबाहेर पाहत बसली, तिच्याशी बोलली नाई.

ऑफिसात सर एकटेच होते. समोर दोन रिकाम्या खुर्च्या. बस म्हणाले नाई. माय दाराजवळ पदर सावरून उभी राह्यली.

"हे बघा बाई," सर म्हणाले, "मुलगी वाईट नाही. पण डोक्यात वारं गेलंय. बाहेरच्या माणसासमोर संस्थेची अब्रू घालवली. तिनं पूर्ण वर्गासमोर माफी मागावी, अन् पुढच्या बॅचला लॅबमध्ये मदत करावी. मी तिचं प्रॅक्टिकल मिटवून देतो. ज्याचं त्याचं काम ज्यानं त्यानं केलं तर सगळ्यांचंच भलं होतं. तुम्ही समजूतदार आहात."

मदत! म्हणजे काय, ते मले समजलं. क्लिपा परत कपाटात गेल्या होत्या.

मले वाटलं, आता ही वाकते. मी मुठी आवळल्या.

"ते वायर धरलं तं चटका लागते का जी?" मायनं विचारलं.

सर जरा गोंधळले. "थोडं गरम होतं. सवय होते."

"सवय होते?"

"हो, होते ना."

"मंग तुमी धरा न, सर," माय म्हणाली.

टोमणा नव्हता तिच्या आवाजात. मिलमध्ये पोतं उचलायले दुसऱ्या बाजूनं हात लाव म्हणावं, तसं साधं बोलली. सर हसायले गेले. हसू अर्ध्यातच थांबलं. त्यायनी टेबलावरचा पेन उचलला, परत ठेवला. मायनं माझा हात धरला अन् आम्ही बाहेर आलो.

मायचं मिलमधलं काम गेलं. मुकादमानं दुसऱ्याच दिवशी फाटकावरून परत पाठवलं. तो उन्हाळा तिनं तेंदूपत्ता तोडण्यात काढला, वाघाच्या जंगलात, पहाटेच्या वेळी. ती येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. तिले काही झालं असतं तर मी काय केलं असतं, मले माहीत नाई. माफी मागितली असती तर ती मिलमध्येच राह्यली असती, हे पण खरं आहे. ज्यायले वाटते हिंमत म्हणजे लय गोड गोष्ट असते, त्यायनी त्या उन्हाळ्यात आमच्या घरी येऊन बसायचं होतं.

माझं एक वर्ष गेलं. पुढच्या वर्षी मी दुसऱ्या केंद्रावरून परीक्षा दिली. तिथी क्लिपा टेबलावरच पडलेल्या होत्या, चण्याफुटाण्यासारख्या. मी सर्किट जोडलं. मीटर माझ्याकडे तोंड करून ठेवलं. सुई पाच पॉइंट आठ व्होल्टवर. करंट एक पॉइंट नऊ अँपिअर. भागाकार केला, तीन पॉइंट शून्य पाच ओहम. गुणाकार केला, अकरा वॅटच्या जरा वर. सरांचे सहा अन् दोन कुठीच नव्हते. परीक्षकानं वही पाहून "हूं" म्हटलं अन् पुढे गेला. कोणी टाळ्या वाजवल्या नाई. मी पास झाली.

आता मी कोरपन्याकडे एका फॅक्टरीत ठेकेदाराकडे कामाले आहे, इलेक्ट्रिक पॅनलवर. म्हणून कोणी याले गोड शेवट समजू नका. सोमारीनं परत परीक्षा दिली नाई. निकाल पाहून ती गावी गेली, ती आलीच नाई. मी फोन लावला होता एकदा, तिच्या भावाच्या नंबरवर, टॉवर मिळाला तेव्हा. म्हटलं, ये ना, दोघी मिळून देऊ. ती म्हणाली, "मी आली होती न परीक्षेले. त्यायनी लिवलं, आली नाई."

मागच्या महिन्यात सरांचा फोन आला. मधाळ आवाज. "बेटा, ओळखलंस का? संस्थेत मुलींचा कार्यक्रम आहे. तू आमची माजी विद्यार्थिनी. फॅक्टरीत पॅनलवर काम करणारी मुलगी, आपल्यासाठी किती अभिमानाची गोष्ट! ये, दोन शब्द बोल. मुलींना प्रेरणा मिळेल."

आमची विद्यार्थिनी! लाज नावाची वस्तू हा माणूस कोणत्या दुकानात विकून आला?

मी म्हटलं, "सर, येईन. पण आधी त्याच वर्गात उभं राहून सांगा, त्या दिवशी या दोन मुली हजर होत्या, मी खोटं लिहिलं. सोमारीले बोलवा अन् तिच्यासमोर सांगा."

"अगं, किती जुनी गोष्ट! आता उकरून काय मिळणार?"

"तुम्हाले जुनी असेल. तिचं आयुष्य तिथीच अडकलं आहे."

"तुझा स्वभाव काही बदलला नाही," ते म्हणाले.

"नाई बदलला, सर. बदलणार पण नाई."

फोन त्यायनी ठेवला. पण मी ठेवणार नाई. तुमच्या स्टेजवर मी पाय ठेवणार नाई, तुमची शाल अंगावर घेणार नाई, तुमच्या मुलींले प्रेरणा बिरणा देणार नाई. येईन ती सोमारीले घेऊन येईन, भरवर्गात येईन, अन् तुमच्या तोंडून वदवून घेईन, की आम्ही हजर होतो. यावर्षी नाई तर पुढच्या वर्षी. तुम्ही रिटायर झाले तर तुमच्या घरी. सोमारी नाई म्हणाली तर मी एकटी येईन अन् तिचं नाव आधी घेईन.